लिबियात दोन सरकारं आहेत, मग भावाची नोकरी नेमकी कुणाच्या राज्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ, सिव्हिलचा डिप्लोमा, गावाकडे दोन-तीन साइटचा अनुभव. बेनगाझीच्या एका बांधकाम कंपनीकडून सुपरवायझरच्या नोकरीचं पत्र आलंय. एजंट म्हणतो, निर्धास्त राहा. घरचे म्हणतात, तिथे दोन सरकारं आहेत, यादवी चालू आहे. त्यातून विचारणा अशी की, दोनांतलं खरं सरकार कोणतं, एकाच्या व्हिसावर दुसऱ्याच्या भागात चालतं का, आणि मुळात 70 लाखांच्या देशात एवढं तेल असताना ही वेळ आलीच कशी?

मी पाइपलाइन आणि पंपिंग स्टेशनच्या कामांवर लिबियात बरीच वर्षं काढली. 2011 नंतर त्याच देशातली कामं ट्युनिसमध्ये बसून सांभाळली; माणसं पाठवणं, माल पाठवणं, कंत्राटाची भांडणं, हेच रोजचं. त्यामुळे उत्तर त्या अंगाने देतो. 'खरं सरकार कोणतं' हा प्रश्न तिथे काम करणारा माणूस विचारतच नाही. तो विचारतो: या रस्त्यावर चौकी कुणाची, या शहरात पोलीस कुणाचं ऐकतात, आणि बिलाचे पैसे शेवटी कुठून सुटतात? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. ती वेगळी का येतात हे कळायला थोडा भूगोल आणि थोडा इतिहास लागतोच.

आधीच सांगतो, बरंच काही परिस्थितीवर आहे. बेनगाझी, मिस्राता आणि सबहा इथल्या नोकऱ्यांना मी एकच सल्ला देणार नाही. मालक कोण, पैसा कुठल्या खात्यातून येतो, आणि तुम्ही कोणत्या महिन्यात हे वाचताय, यावरही उत्तर बदलतं.

नकाशापासून सुरुवात

लिबियाचं क्षेत्रफळ साधारण 17.6 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पटीहून जास्त. लोक मात्र एकट्या मुंबईपेक्षा कमी. बारमाही नदी एकही नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन वाळवंट. भूमध्य समुद्राचा किनारा सुमारे 1,770 किलोमीटर, आणि बहुतेक वस्ती त्या किनाऱ्याला धरून.

पण ती वस्ती सलग नाही, आणि सगळी गोम तिथे आहे. पश्चिमेला त्रिपोलीच्या आसपास जफाराचं मैदान आणि मागे नफूसाचे डोंगर. तिथे पाऊस बऱ्यापैकी, ऑलिव्हच्या बागा, आणि तीनातले जवळपास दोन लिबियन याच पट्ट्यात राहतात. याला त्रिपोलितानिया म्हणायचं. पूर्वेला बेनगाझीच्या पुढे जबल अख्दर, म्हणजे हिरवा डोंगर. तो खरोखर हिरवा आहे, हिवाळ्यात तिथे धुकं आणि पाऊस असतो. हा बर्का, युरोपियनांचा सिरेनाइका. आणि दक्षिणेला सबहा, मुर्झुक, उबारी ही मरुद्यानं, म्हणजे फज्जान. दहातला एक माणूससुद्धा तिथे राहत नाही.

त्रिपोली ते बेनगाझी रस्त्याने हजारेक किलोमीटर. त्या वाटेत सिर्तचं आखात लागतं आणि तिथे सहारा थेट समुद्रापर्यंत खाली उतरतो. गाडीत बसलात की तासन्‌तास एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला निळं पाणी. पेट्रोल पंप आणि चौकी सोडली तर बघायला काही नाही. गिबली सुटला, म्हणजे दक्षिणेकडून येणारा तापलेला वारा, की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. या उजाड पट्ट्यामुळे पश्चिमेचा माणूस कायम ट्युनिशियाशी जोडलेला राहिला आणि पूर्वेचा इजिप्तशी. त्रिपोलीकडे कुसकुस, बेनगाझीकडे भात जास्त. बोलीतही फरक कळतो.

हे आजचं नाही. पश्चिमेला फिनिशियनांनी वसवलेली लेप्टिस, ओइया आणि सब्राथा, पूर्वेला ग्रीकांचं सिरीनी. दोघांची हद्द कुठे, यावरून एक दंतकथा रोमन इतिहासकार सॅलस्टने लिहून ठेवली आहे. पश्चिमेवर सत्ता असलेलं कार्थेज आणि पूर्वेचं सिरीनी यांनी ठरवलं की दोन्हीकडून माणसं निघतील, जिथे भेटतील तिथे सीमा. कार्थेजचे फिलेनी नावाचे दोघे भाऊ फारच पुढे आले. ग्रीकांनी कांगावा केला की हे वेळेआधी निघाले. सीमा इथेच हवी असेल तर इथेच जिवंत पुरून घ्या. भावांनी ते मान्य केलं. मुसोलिनीच्या काळात, 1937 मध्ये, इटालियनांनी किनारी महामार्ग बांधला तेव्हा रास लानूफजवळ त्याच भावांच्या नावाने मोठी कमान उभी केली. पुढे गद्दाफीने ती पाडली. देश एक आहे म्हणताना मधोमध हद्दीची कमान कशाला, असा हिशोब असावा. कमान गेली, हद्द राहिली: 2020 पासून पूर्वेची आणि पश्चिमेची फौज साधारण त्याच भागात, सिर्त आणि जुफ्राच्या रेषेवर, समोरासमोर थांबल्या आहेत.

तीन प्रांतांचा एक देश

मधल्या काळावरून भरभर जाऊ. 1551 मध्ये तुर्कांनी त्रिपोली घेतली. 1711 ते 1835 करमानली घराणं जवळपास स्वतंत्रपणे राज्य करत होतं, नंतर पुन्हा तुर्कांचा थेट अंमल. पूर्वेत मात्र एकोणिसाव्या शतकात सनुसी या सूफी पंथाच्या मठांनी टोळ्यांना बांधून ठेवलं. तिथे खरी सत्ता त्यांचीच. 1911 मध्ये इटली चालून आली. विमानातून बॉम्ब टाकण्याचा जगातला पहिला प्रकार त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला त्रिपोलीजवळ घडला. पूर्वेत ओमर मुख्तारने वीसेक वर्षं झुंज दिली. 16 सप्टेंबर 1931 रोजी त्याला सुलूक इथे फाशी दिलं. त्याआधीच बर्काच्या टोळ्यांतली सुमारे एक लाख माणसं इटालियनांनी छावण्यांत डांबली होती आणि त्यातली हजारो तिथेच मेली. बेनगाझीकडच्या वयस्कर माणसाशी बोलताना हे लक्षात ठेवा, तिकडे हा इतिहास पुस्तकातला नाही.

दुसऱ्या महायुद्धात याच पट्ट्यात आपली माणसंही होती. जून 1942 मध्ये जर्मन सेनानी रोमेलने तोब्रुकवर शेवटचा हल्ला चढवला, तो तटबंदीच्या आग्नेय बाजूने, आणि त्या बाजूला मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती, 'काळी पाचवी'. 21 जूनला तोब्रुक पडलं. भाऊ कधी तोब्रुककडे गेला तर तिथल्या युद्धस्मशानात जाऊन यावं.

आता मुद्द्याचं. युद्ध संपल्यावर त्रिपोलितानिया आणि बर्का ब्रिटिशांकडे, फज्जान फ्रेंचांकडे. या प्रदेशाचं करायचं काय यावर मोठ्या देशांचं एकमत होईना. शेवटी 21 नोव्हेंबर 1949 रोजी संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला की 1 जानेवारी 1952 च्या आत हा एक स्वतंत्र देश व्हावा. घटना लिहायला 60 जणांची सभा नेमली, प्रत्येक प्रांताचे 20. त्रिपोलीवाले चिडले, लोकसंख्या आमची कितीतरी जास्त आणि खुर्च्या सारख्याच? पण बर्का आणि फज्जान त्याशिवाय यायलाच तयार नव्हते. 24 डिसेंबर 1951 रोजी सनुसी पंथाचे प्रमुख इद्रिस राजा झाले. संघराज्य, तीन प्रांतिक सरकारं, आणि राजधान्या दोन: त्रिपोली आणि बेनगाझी. हो, सुरुवातच दोन राजधान्यांनी झाली.

तेव्हा देश इतका गरीब होता की रणांगणावरचं भंगार लोखंड आणि एस्पार्टो नावाचं गवत ही निर्यातीतली मोठी नावं. भांडायलाच काही नव्हतं म्हणून संघराज्य चाललं, असं माझं मत. 1959 मध्ये झेल्तेनला मोठं तेल लागलं, 1961 मध्ये मर्सा ब्रेगाहून पहिली जहाजं निघाली, आणि 1963 मध्ये संघराज्यच मोडीत काढलं. पैसा एका ठिकाणी येऊ लागला, तसा कारभारही एका ठिकाणी आणला.

1 सप्टेंबर 1969 रोजी 27 वर्षांच्या गद्दाफीने राजाला हटवलं. त्याची 42 वर्षं सांगत बसलो तर पान पुरणार नाही, एकच गोष्ट तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. 1977 मध्ये त्याने 'जमाहिरिया' आणली: म्हणे सत्ता लोकांच्या समित्यांकडे, पक्षांवर बंदी, घटना नाही, आणि स्वतःकडे तर 1979 नंतर कागदोपत्री पदच नाही. प्रत्यक्षात सगळं त्याच्या शब्दावर. आम्हा बाहेरच्यांना हे असं जाणवायचं की साहेब म्हणून ज्याच्या टेबलावर फाइल असेल त्याच्या हातात काहीच नसायचं, आणि निर्णय कुणी घेतला हे कधीच कळायचं नाही. पासपोर्टात अरबी भाषांतराचा शिक्का नसेल तर विमानतळावरून परत, हा नियम मात्र अगदी पक्का. असा माणूस गेल्यावर मागे काय उरतं? मंत्रालयं पोकळ, फौज मुद्दाम कमकुवत ठेवलेली, पक्ष नाहीत, स्थानिक निवडणुकांची सवय नाही. दोनच संस्था खऱ्या अर्थाने चालू होत्या, राष्ट्रीय तेल कंपनी आणि मध्यवर्ती बँक.

2011 नंतर

फेब्रुवारी 2011 मध्ये उठाव बेनगाझीतून सुरू झाला. मार्चमध्ये सुरक्षा परिषदेने 1973 क्रमांकाचा, नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायला मोकळीक देणारा ठराव केला; भारत तेव्हा परिषदेवर होता आणि तटस्थ राहिला. त्या वेळी तिथे सुमारे 18 हजार भारतीय होते, बहुतेकांना विमानं आणि जहाजं लावून बाहेर काढलं. 20 ऑक्टोबरला गद्दाफी सिर्तमध्ये मारला गेला.

जुलै 2012 मध्ये निवडणूक झाली आणि ती बऱ्यापैकी नीट झाली, हे लोक विसरतात. 200 जागा: पश्चिमेला 100, पूर्वेला 60, दक्षिणेला 40. पुन्हा तोच जुना वाद उफाळला, पूर्वेतले काहीजण 1951 सारखी बरोबरी मागत होते. पण खरी अडचण जागावाटपाची नव्हती. उठावात लढलेल्या टोळ्यांना, तिकडे 'कतीबा' म्हणतात, सरकारने पगार सुरू केले. पगार मिळतोय म्हटल्यावर नव्या कतीबा उभ्या राहिल्या.

जून 2014 ची दुसरी निवडणूक बिघडली. मतदान कसंबसं 18 टक्के. पूर्वेत हफ्तर नावाचा जुना जनरल आधीच फौज घेऊन उतरला होता. त्रिपोलीत मिस्राताच्या कतीबांनी लढून विमानतळ जाळला. नवी संसद तोब्रुकला जाऊन बसली, जुन्या संसदेतल्या काहींनी त्रिपोली सोडली नाही. इथून दोन सरकारं. डिसेंबर 2015 मध्ये मोरोक्कोतल्या स्खिरात इथे करार झाला, त्यातून त्रिपोलीत संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेचं सरकार आलं, पण तोब्रुकच्या संसदेने ते कधी मनापासून स्वीकारलं नाही. एप्रिल 2019 मध्ये हफ्तर त्रिपोलीवर चालून गेला, त्याच्या मागे अमिराती आणि इजिप्त, शिवाय रशियाची भाडोत्री माणसं. तुर्कस्तानने त्रिपोलीला ड्रोन आणि सल्लागार दिले आणि जून 2020 पर्यंत हफ्तर मागे हटला. 23 ऑक्टोबर 2020 ला युद्धविराम. तो अजून मोठ्या अर्थाने टिकून आहे, म्हणून 'यादवी चालू आहे' हे घरच्यांचं म्हणणं आज तंतोतंत बरोबर नाही. तुरळक चकमकी होतात, मे 2025 मध्ये त्रिपोलीच्या भरवस्तीत झाल्या, पण पूर्व विरुद्ध पश्चिम अशी आघाडी पेटलेली नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये दबैबा पंतप्रधानपदी निवडले गेले ते डिसेंबर 2021 ची निवडणूक घेण्यापुरते. निवडणूक झालीच नाही, दबैबा राहिले. तोब्रुकच्या संसदेने 2022 मध्ये दुसरं सरकार नेमलं, 2023 पासून त्याचे प्रमुख ओसामा हम्माद. म्हणजे कागदावर: त्रिपोलीत दबैबांचं सरकार, ज्याच्याशी संयुक्त राष्ट्रं आणि बहुतेक देश व्यवहार करतात, पूर्वेत हम्माद यांचं सरकार, ज्याला 2014 मध्ये निवडून आलेल्या आणि मुदत कधीच संपलेल्या संसदेचा आधार. जमिनीवर: पूर्व आणि दक्षिणेचा बराचसा भाग हफ्तर आणि त्याच्या मुलांच्या फौजेकडे, पश्चिमेत शहरागणिक, त्रिपोलीत तर मोहल्ल्यागणिक वेगळी कतीबा. घटना अजून नाही. 2014 मध्ये त्यासाठी सभा निवडली, पुन्हा 60 जणांची, पुन्हा 20-20-20. तिने 2017 मध्ये मसुदाही दिला, सार्वमत मात्र झालं नाही.

पैसा कुठून सुटतो

एजंट हे कधी सांगणार नाही, त्याला माहीतही नसतं. भाऊभाऊ वेगळे झाले, घरात मधे भिंत घातली, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण दुकानाचा गल्ला एकच, अशी लिबियाची गत आहे. तेल बहुतांश सिर्तच्या खोऱ्यात आहे, सिद्रा, रास लानूफ, ब्रेगा, झुवैतिना ही निर्यातीची बंदरं हफ्तरच्या ताब्यात. पण तेल विकण्याचा अधिकार सुरक्षा परिषदेच्या ठरावांनी फक्त त्रिपोलीतल्या राष्ट्रीय तेल कंपनीला आहे आणि विक्रीचे डॉलर जातात त्रिपोलीच्या मध्यवर्ती बँकेत. सरकारी उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग हाच. त्यातून पूर्वेच्या शिक्षकाचा, डॉक्टरचा, सैनिकाचासुद्धा पगार निघतो.

बंदर हातात असून तेल विकता येत नाही, याचा धडा मार्च 2014 मध्ये मिळाला. पूर्वेच्या स्वायत्ततेची मागणी करणाऱ्या एका सशस्त्र गटाने बंदरं अडवून धरली होती. त्यांनी 'मॉर्निंग ग्लोरी' नावाचा टँकर सिद्रा बंदरात आणला आणि स्वतःच तेल भरलं. टँकर निसटला. त्यापायी त्रिपोलीतल्या पंतप्रधानाची खुर्ची गेली. पण गिऱ्हाईक कोण? काही दिवसांत सायप्रसजवळ अमेरिकन नौदलाच्या कमांडोंनी जहाज ताब्यात घेऊन लिबियाला परत आणलं. त्यानंतर पूर्वेवाल्यांचं हत्यार बदललं: विकता येत नाही तर बंद करायचं. 2020 मध्ये बंद, 2022 मध्ये बंद. ऑगस्ट 2024 मध्ये त्रिपोलीत मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला, सादिक अल-कबीर यांना, हटवायचा घाट घातला गेला तेव्हा पुन्हा बंद. सप्टेंबरअखेर नव्या गव्हर्नरच्या नावावर दोन्ही बाजूंचं जमलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तेल सुरू झालं. गंमत बघा, पंतप्रधान कोण यावर वर्षानुवर्षं तोडगा नाही, गव्हर्नर कोण यावर काही आठवड्यांत.

म्हणून मी कुठल्याही कामाचं पत्र बघताना विचारतो, पैसा त्रिपोलीच्या बजेटमधला आहे, की पूर्वेच्या पुनर्बांधणी निधीतला, की खासगी? बेनगाझी आणि देर्नाकडे सध्या पूल, रस्ते, इमारती झपाट्याने होत आहेत. त्यातलं बरंच काम 2024 पासून हफ्तरच्या मुलाकडे, बिलकासिमकडे, असलेल्या निधीतून चालतं. काम दिसतं खरं आणि त्याचा वेगही चांगला. पण त्रिपोलीशी बिनसलं की तो निधी आटतो, आणि सगळ्यांत शेवटच्या उपकंत्राटदाराच्या माणसांचे पगार सगळ्यांत आधी थांबतात.

दोन कारभार असले की कशाला कुणी वाली राहत नाही, याचं सर्वांत भयंकर उदाहरण देर्ना. शहराच्या वरच्या अंगाला वादीवर, म्हणजे एरवी कोरड्या नदीपात्रावर, दोन धरणं होती, अबू मन्सूर आणि अल-बिलाद, दोन्ही 1970 च्या दशकातली, मातीभरावाची. दुरुस्तीचं कंत्राट 2011 पूर्वीच दिलेलं, उठावानंतर काम बंद पडलं ते पडलंच. 10 सप्टेंबर 2023 ला डॅनियल वादळ आलं; अल-बैदामध्ये 24 तासांत 414 मिलिमीटर पाऊस झाला, तोही अशा मुलखात. रात्री दोन्ही धरणं एकापाठोपाठ फुटली आणि शहराचा मधला भाग समुद्रात गेला. हजारो माणसं गेली. पुढे जुलै 2024 मध्ये न्यायालयाने 12 अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या.

आमच्या पाण्याच्या धंद्यातही हेच. त्रिपोली जे पाणी पिते ते दक्षिणेत, जबल हसावनाच्या विहिरींतून, वाळवंटाखालच्या हजारो वर्षं जुन्या साठ्यातून येतं. मोठ्या मानवनिर्मित नदीचा हा प्रकल्प 1984 मध्ये सुरू झाला. मुख्य वाहिन्या चार मीटर व्यासाच्या, काँक्रीटच्या, एकेका नळातून जीप सहज जाईल. म्हणजे राजधानीची तोटी शेकडो किलोमीटर लांब, दुसऱ्याच कुणाच्या मुलखात. एप्रिल 2020 मध्ये शुवैरिफच्या नियंत्रण केंद्रात एक सशस्त्र टोळी घुसली आणि आपल्या माणसांच्या सुटकेसाठी त्रिपोलीचं पाणी बंद करून बसली. त्याच शुवैरिफजवळ सप्टेंबर 2020 मध्ये सात भारतीय कामगारांचं अपहरण झालं, घरी परतण्यासाठी त्रिपोलीच्या विमानतळाकडे निघालेले. ऑक्टोबरमध्ये ते सुटले. दोन्ही वेळा पंतप्रधान कोण आहे याचा त्या टोळ्यांना काहीही फरक पडत नव्हता.

आता भावाच्या नोकरीचं

व्हिसाबद्दल मी एक नियम पाळतो: ज्या भागात काम, त्या भागाच्या यंत्रणेने मान्य केलेली परवानगी, आणि विमानही थेट त्याच भागात उतरणारं. बेनगाझीची नोकरी आणि त्रिपोलीत उतरून 'पुढे गाडीने पाठवतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. कागद एकाचा आणि 'बव्वाबा', म्हणजे चौकी, दुसऱ्याची, अशी वेळ येऊ द्यायची नाही. बेनगाझीला बेनिना विमानतळ आहे, मार्ग बहुधा इजिप्त, ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानातून.

शहर म्हणून बेनगाझी आज त्रिपोलीपेक्षा शांत आहे, कारण सत्ता एकाच्याच हातात आहे. त्याची किंमतही आहे: तिथे राजकारणावर बोलायचं नाही, फौजेच्या गाड्यांचे फोटो काढायचे नाहीत, मोबाइलवर आलेलं काही पुढे ढकलायचं नाही. हफ्तर ऐंशीच्या पुढचा आहे. त्याच्यानंतर काय, याचं उत्तर तिथल्या लोकांकडेही नाही. दोन वर्षांचा करार करण्यापेक्षा सहा महिन्यांचा, वाढवण्याच्या कलमासह, मला जास्त पटतो. काम दक्षिणेत, सबहा किंवा कुफ्राकडे असतं, तर मी सरळ नको म्हणालो असतो.

आपल्याकडची बाजू बघा. लिबिया इमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामाला जाण्याआधी भारत सरकारची परवानगी, लागणाऱ्या देशांच्या यादीत आहे. भाऊ दहावीच्या पुढे शिकलेला असल्याने त्याचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे ही परवानगी न लागणारा, असणार आणि त्याला ते सक्तीचं नाही. तरी ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर, ऐच्छिक नोंदणी करा. एजंटचा परवाना क्रमांक तिथेच तपासता येतो. तो क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय संपला. 2016 मध्ये भारत सरकारने लिबियाला जाण्यावर बंदी घातली होती, आणि पुढे बरीच वर्षं आपल्या दूतावासाचं काम ट्युनिसमधून चालायचं. म्हणून परराष्ट्र खात्याची सूचना तिकीट काढायच्या आधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचायची. टुरिस्ट किंवा 'बिझनेस' व्हिसावर जा, तिथे बदलून देतो, हे बोलणं आलं तर एजंट बदला.

राहिला पगार. तो दिनारमध्ये ठरला असेल तर आकडा बघून हुरळू नका. एप्रिल 2025 मध्ये मध्यवर्ती बँकेने दिनार 13 टक्क्यांच्या आसपास घसरवला, आणि बाजारातला भाव अधिकृत दरापेक्षा आणखी वाईट असतो. शिवाय तिथल्या बँकेत पैसे असले तरी रोकड मिळेलच असं नाही. लिबियन लोक स्वतःच पगारासाठी बँकेबाहेर रांगा लावतात. करारात तीन गोष्टी लेखी घ्या: एक, पगार डॉलरमध्ये आणि भारतातल्या खात्यावर, खर्चापुरते दिनार वेगळे; दोन, पगार किती दिवस थकला तर परतीचं तिकीट कंपनीने द्यायचं, ते दिवस; तीन, पासपोर्ट भावाच्याच ताब्यात. हे तिसरं कलम तोंडी कुणीही कबूल करतं. लेखी मागितल्यावर मालक काय म्हणतो ते बघा, आणि मुख्य कंत्राटदार कोण, हे काम कुठल्या निधीतलं आहे, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारून टाका. उत्तर आल्याशिवाय वैद्यकीय तपासणीचे पैसेसुद्धा भरू नका.